स्वयंचलित हायड्रंट यंत्रणा: ऑटोमेशनचे पैसे कुठे वसूल होतात आणि कुठे नाही

अ‍ॅप्रनच्या (विमानतळावर विमानं उभी राहतात त्या आवाराच्या) काँक्रीटखालून इंधनाची लाइन नेऊन प्रत्येक स्टँडवर, म्हणजे विमानाच्या उभं राहायच्या जागेवर, पिट (इंधन जोडणीचा खड्डा) देणं ही हायड्रंटची पद्धत जुनी आहे. नवीन आहे ते तिच्यावर चढवलेलं ऑटोमेशन. पंप आपोआप चालू-बंद होणं, गळतीची चाचणी संगणकाने करणं, आणीबाणीत ठरावीक भाग बंद होणं, डिस्पेन्सरवरच्या (पिटमधून विमानात इंधन देणाऱ्या गाडीवरच्या) फिल्टरवर इलेक्ट्रॉनिक पहारा, आणि शेवटी कागदी पावतीऐवजी थेट नोंद. हे सगळं एकत्र पॅकेज म्हणून विकलं जातं आणि निविदेतही एकाच ओळीत येतं. तिथूनच घोळ सुरू होतो. या पाच भागांची लायकी सारखी नाही, म्हणून इथे पाचही सुटे करून पाहिले आहेत.

निकाल आधीच सांगतो. पंपहाउस आणि गळतीची चाचणी या दोन ठिकाणी ऑटोमेशन माणसापेक्षा उघडपणे सरस आहे. फिल्टरवरचा पहारा घ्यायलाच हवा, पण नीट लावून घेतला तर. आणीबाणीच्या बंदोबस्तावर विक्रेता सांगतो तेवढा विश्वास ठेवू नका. आणि पिटपासून पंखापर्यंतचे शेवटचे काही मीटर अजूनही माणसाच्याच हातात आहेत. मोठे अपघात तिथेच होतात आणि सादरीकरणात सगळ्यात कमी स्लाइड्स त्याच भागाला मिळतात.

आधी इंधनाचा प्रवास पाहू. साठवण टाकीतून पंप, पंपानंतर फिल्टर सेपरेटर (घाण आणि पाणी वेगळं करणारा), मग अ‍ॅप्रनखालची मुख्य लाइन. ही लाइन शक्यतो लूपमध्ये असते, म्हणजे एक बाजू बंद पडली तरी दुसरीकडून पुरवठा चालू राहतो. लूपमधून प्रत्येक स्टँडला छोटी शाखा जाते आणि तिच्या टोकाला पिटमध्ये चार इंची व्हॉल्व्ह असतो. पिटवर डिस्पेन्सर नावाची गाडी येते. तिच्यात टाकी नसते. असतो तो इनटेक कपलर (पिटच्या व्हॉल्व्हला बसणारी जोडणी), होज, फिल्टर, मीटर, दाब नियंत्रक आणि विमानाला लावायचे नोझल. लाइनमधला दाब साधारण ७ ते १० बार असतो. विमानाच्या जोडणीवर मात्र तो ३.५ बारच्या वर जाऊ द्यायचा नाही. हा फरक पचवायचं काम डिस्पेन्सरचं. त्यासाठी त्यावर एकामागे एक दोन दाब नियंत्रक असतात, एक लाइनमध्ये आणि दुसरा होजच्या टोकाला. पहिला अडकला तर दुसऱ्याने सांभाळायचं. रोजच्या कामात पहिलाच सगळं सांभाळतो, त्यामुळे दुसरा निकामी झालेला महिनोन्‌महिने कळत नाही. दोन्हीची चाचणी वेगवेगळी होते का, हा डिस्पेन्सर घेताना विचारायचा पहिला प्रश्न.

पंपहाउस

इथे ऑटोमेशनला पूर्ण गुण. लाइनमधला दाब ठरलेल्या आकड्याखाली गेला की पहिला पंप सुरू होतो, प्रवाह वाढला की दुसरा आणि तिसरा, आणि मागणी उतरली की उलट क्रमाने बंद. मोठ्या डिस्पेन्सरला दोन होजवर मिनिटाला ३,००० लिटरच्या आसपास लागतात. एकाच वेळी सहा-सात विमानं भरायला लागली आणि त्यातली दोन मिनिटभराच्या फरकाने थांबली, तर हाताने पंप सांभाळणाऱ्याला ते जमत नाही. संगणकाला जमतं.

पण आकडे कोणी लावले, यावर सगळं अवलंबून. कमी प्रवाहावर पंप किती वेळाने बंद करायचा, तो टायमर फार छोटा ठेवला तर विमानाच्या शेवटच्या टाकीत इंधन हळूहळू जात असताना पंप थांबतो, दाब पडतो, पंप पुन्हा सुरू होतो, आणि हे चक्र चालूच राहतं. मोटरला तासाला किती वेळा सुरू करता येईल याची मर्यादा असते. ती अशा वेळी ओलांडली जाते आणि मोटरची गुंडाळी तापते. टायमर फार मोठा ठेवला तर पंप तेच इंधन घुसळत राहतो आणि तेही तापतं. विमानाच्या टाक्या भरत आल्या की विमानाचेच व्हॉल्व्ह एकेक करून मिटत जातात, त्यामुळे शेवटची काही मिनिटं प्रवाह नेहमीच कमी असतो. टायमर लावणाऱ्याला हे ठाऊक नसेल तर कागदावरची यंत्रणा उत्तम आणि चालवताना डोकेदुखी.

रात्री एकही विमान उभं नसताना पंप मधूनच सुरू झाला तर लगेच गळतीचा संशय घेतात. बहुतेक वेळा कारण दुसरंच असतं. एक तर पंपानंतरचा चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेने प्रवाह जाऊ देणारा) मागे झिरपत असतो. नाहीतर इंधन थंड झालेलं असतं. बंद लाइनमधलं केरोसीन एक अंश सेल्सिअसने थंडावलं की दाब आठ-नऊ बारने उतरू शकतो. म्हणजे एका अंशात लाइन जवळपास रिकाम्या दाबावर. दुपारी उलटं होतं: लाइन तापते, दाब चढतो, आणि थर्मल रिलीफ व्हॉल्व्ह नसेल किंवा कोणी बंद करून ठेवला असेल तर फ्लँजची, म्हणजे पाइपच्या जोडांची, परीक्षा होते. म्हणून लाइनचा दाब धरून ठेवायला वेगळा छोटा पंप हवा. तो निविदेतून वगळून पैसे वाचवायचा मोह होतो. मग मोठ्या पंपांची मोटर दुरुस्तीला निघाली की वाचवलेले पैसे जातात.

पाण्याचा हातोडा

पंप आणि व्हॉल्व्ह आपोआप चालू-बंद होणार म्हटल्यावर लाइनमधल्या दाबाच्या लाटेचा हिशेब हवाच. पोलादी लाइनमध्ये इंधनातून दाबाची लाट सेकंदाला सुमारे ११०० मीटरने धावते. इंधनाचा वेग एकदम सेकंदाला एक मीटरने कमी झाला की दाबात सुमारे ९ बारची भर पडते. मुख्य लाइनमध्ये वेग दोन-अडीच मीटर असताना सगळा प्रवाह एकाच वेळी थांबला, तर चालू दाबावर आणखी २० बारच्या आसपास. वर्ग १५० च्या पोलादी फ्लँजची सामान्य तापमानाला मर्यादा २० बारच्या जराशी खाली आहे.

पिट व्हॉल्व्ह दोन ते पाच सेकंदांत मिटावा असा नियम आहे, आणि बहुतेकांना दोन सेकंद म्हणजे 'हळूच' वाटतं. पण पंपहाउस दोन किलोमीटरवर असेल तर लाट तिथे जाऊन परत यायला साडेतीन सेकंद लागतात. त्याआधी व्हॉल्व्ह मिटला तर लाटेच्या दृष्टीने तो झटक्यातच मिटला. एक डिस्पेन्सर बंद झाल्याने फारसं बिघडत नाही, कारण सोळा इंची मुख्य लाइनमध्ये त्याचा हिस्सा सेकंदाला अर्धा मीटरही नसतो. खरा धोका आणीबाणीचं बटण दाबल्यावर असतो. तेव्हा विभागाचे सगळे व्हॉल्व्ह एकत्र मिटतात. पुरवठादाराकडे सर्जचा, म्हणजे या दाबाच्या लाटेचा, अभ्यास मागा, पण तो एका डिस्पेन्सरचा नको. जास्तीत जास्त डिस्पेन्सर चालू असताना पूर्ण आणीबाणी बंदचा हवा. तो देताना चलबिचल झाली, तर अभ्यास झालेलाच नाही असं समजा.

गळतीची चाचणी: पॅकेजमधला सर्वात मोलाचा भाग

शंभर घनमीटरच्या एका विभागात दाब तासाला ०.१ बारने उतरला, तर ती तासाला साधारण एक लिटरची गळती असू शकते. आणि तोच ०.१ बार इंधन एका अंशाच्या शंभराव्या हिश्श्याने थंडावल्यानेही उतरतो. जमिनीखालच्या कित्येक किलोमीटर लाइनचं सरासरी तापमान एवढ्या बारकाईने मोजणारा थर्मामीटर नाही. म्हणून 'रात्री दाब लावून ठेवू, सकाळी पाहू' या जुन्या चाचणीचा निकाल हवामानावर ठरतो.

चांगली स्वयंचलित यंत्रणा यातून फार सुंदर मार्ग काढते. विभाग बंद करून आधी जास्त दाबावर घसरण मोजते, मग दाब उतरवून कमी दाबावर, मग पुन्हा जास्त दाबावर. तापमानाने होणाऱ्या घसरणीला दाब किती आहे याच्याशी देणंघेणं नसतं. ती दोन्ही टप्प्यांत सारखीच राहते. भोकातून होणारी गळती मात्र दाब वाढला की वाढते. दोन टप्प्यांतला फरक म्हणजे गळती, उरलेलं म्हणजे हवामान. दिवसरात्र चालणाऱ्या विमानतळावर ही चाचणी प्रत्येक विभागाला तासाभराच्या शांत वेळेत आपोआप बसवता येते. माणसाने इतक्या वेळा, इतक्या सारखेपणाने ती कधीच केली नसती. फक्त या एका भागासाठी पॅकेज घ्यावं, इतका तो मोलाचा आहे.

मात्र एक अट आहे आणि ती बरेचदा खर्चाच्या नावाखाली वगळली जाते. विभाग वेगळा करणारे व्हॉल्व्ह दुहेरी बैठकीचे हवेत, मधल्या पोकळीतून निचरा करून दाखवता येणारे. साधा गेट व्हॉल्व्ह किंचित झिरपत असेल तर यंत्रणेला तो आणि जमिनीतली गळती यांत फरक करता येत नाही. मग दर आठवड्याला 'गळती' असा इशारा येतो, तिसऱ्या आठवड्यापासून कोणी पाहत नाही, आणि महागडी यंत्रणा फक्त दिवे लावायला उरते. लाइनमध्ये हवा अडकलेली असली तरीही चाचणी फसते, कारण हवा दाबली जाते आणि दाबाची घसरण मंदावते. उंच ठिकाणच्या एअर व्हेंटमधून चाचणीपूर्वी हवा काढून घेणं हे काम यंत्रणा करत नाही. ते कोणाचं, हे करारात लिहून घ्या.

गळती होऊ नये यासाठीचा कॅथोडिक संरक्षणाचा (विजेच्या साहाय्याने पाइपचा गंज रोखण्याचा) भाग बहुतेक पॅकेजमध्ये येतो. त्यात फार सांगण्यासारखं नाही. तांबे-तांबे सल्फेट इलेक्ट्रोडच्या संदर्भात पाइपवर किमान उणे ८५० मिलिव्होल्ट मिळतायत का, आणि पिट व पंपहाउसजवळचे इन्सुलेटिंग जॉइंट कुठे शॉर्ट झालेत का, एवढं मोजायचं.

आणीबाणीचं बटण

प्रत्येक स्टँडजवळ लाल बटण, दाबलं की पंप थांबतात आणि विभागाचे व्हॉल्व्ह मिटतात. हे सगळं खरं. पण यामुळे कपलरमधून उसळणारं इंधन लगेच थांबतं, ही समजूत खरी नाही. पंप थांबतानाही फिरत राहतात. लाइनमध्ये दाबून भरलेलं इंधन शिल्लक असतं. सोळा इंची सुमारे साडेआठ किलोमीटर लाइनमध्ये हजार घनमीटर इंधन मावतं. दहा बारवरून दाब शून्यावर येईपर्यंत इंधन फुगतं, पाइप आकसतो, आणि त्यातून आठशे ते हजार लिटर बाहेर येतं. विभाग छोटे केले आणि बटणाने फक्त तोच विभाग तुटला तर हा आकडा त्या प्रमाणात खाली येतो. म्हणून विभागणी किती बारीक आहे, हाच इथला खरा निकष. सगळा विमानतळ एकाच बटणाने बंद होत असेल तर आणखी एक दुष्परिणाम होतो: 'उगाच सगळं थांबायला नको' म्हणून माणूस बटण दाबायला कचरतो.

पिटवर काही बिनसलं तर पहिला उपाय बटण नव्हे, लॅनयार्ड. पिट व्हॉल्व्हच्या पायलटला (तो व्हॉल्व्ह चालवणाऱ्या छोट्या झडपेला) जोडलेली ती लाल, आग सोसणारी दोरी. ओढली की तोच व्हॉल्व्ह मिटतो, बाकी अ‍ॅप्रन चालू राहतं. ती डिस्पेन्सरखाली गुंडाळून ठेवली तर काही उपयोगाची नाही. इंधन भरणाऱ्याला गाडीपासून दूर उभं राहून ओढता येईल अशी ती पसरलेली हवी.

पिट: जिथे ऑटोमेशन संपतं

पिटचं झाकण उघडल्यावर आधी आत पाहायचं. पावसाचं पाणी, अ‍ॅप्रन धुतल्याचं पाणी, साचलेलं इंधन. व्हॉल्व्हच्या तोंडाची डस्ट कॅप पाण्याखाली असेल तर ती काढायच्या आधी पाणी उपसायचं. नाहीतर ते पाणी कपलर लावताना दोन झडपांच्या मधल्या खोबणीत अडकतं आणि पहिल्या लिटराबरोबर सरळ फिल्टरवर जातं. हे रोज, प्रत्येक पिटवर, हातानेच करायचं काम आहे. पिटमधल्या पाण्याची पातळी सांगणारे सेन्सर काही पुरवठादार देतात. ते चिखल-तेलाने माखतात आणि खोटं बोलू लागतात. घेऊ नका. त्यापेक्षा पिटचं झाकण नीट बसतंय का आणि काँक्रीटची कड तिथे किंचित उंच आहे का, याकडे लक्ष दिलं तर पाणी कमी येतं.

कपलर लावल्यावर सर्वात मोठा धोका बाहेरून येतो: सामानाची ट्रॉली, टग, कॅटरिंगची गाडी. अ‍ॅप्रनच्या पातळीवर जेमतेम गुडघ्याइतका उंच असलेला कपलर ड्रायव्हरला दिसत नाही. धडक बसून कपलर तिरका झाला की इंधन पंखाच्या खालच्या बाजूला जाऊन आदळण्याइतक्या जोराने उसळतं. त्यावर यंत्रणेकडे उपाय नाही. उपाय म्हणजे चार पंखांचा ठळक झेंडा पिटवर लावणं, आणि डिस्पेन्सर असा उभा करणं की गाडीच पिटची ढाल होईल, पण पुढे निघायचा रस्ता मोकळा राहील. सगळ्या चांगल्या डिस्पेन्सरवर ब्रेकचा इंटरलॉक असतो: कपलर किंवा नोझल जागेवर ठेवलेलं नसेल तर गाडी हलत नाही. हा भाग उत्तम आहे, पण त्याला ओव्हरराइडचा, म्हणजे इंटरलॉक टाळायचा, स्विच असतोच. त्यावर सील हवं, सील तुटल्याची नोंद हवी, आणि ओव्हरराइड चालू असल्याचा दिवा गाडीबाहेरून दिसायला हवा. दिवा फक्त केबिनमध्ये असलेले मॉडेल मी तरी घेऊ नका असं सांगेन.

जोडणीचा क्रम ठरलेला आहे आणि कोणतंही ऑटोमेशन तो बदलत नाही. ब्रेक लावायचा. मग डिस्पेन्सर आणि विमान यांच्यात बाँडिंगची केबल (दोघांमधला विद्युतभार समान ठेवणारी), बाकी काहीही जोडण्याआधी. मग पिटचा झेंडा, झाकण, लॅनयार्ड, कपलर. मग नोझल. नोझल लावल्यावर ते जागेवर लॉक झालंय की नाही ते हाताने ओढून पाहायचं. बाँडिंगची केबल सुटते ती सगळ्यात शेवटी. इंधन फिल्टरमधून जाताना स्थिर विद्युतभार तयार होतो, आणि तो ओसरायला वाहकता लागते. जेट ए-१ मध्ये, म्हणजे विमानाच्या केरोसीनमध्ये, त्यासाठी खास द्रव्य मिसळून वाहकता ५० ते ६०० पिकोसीमेन्स प्रति मीटरच्या पट्ट्यात ठेवतात. तरीही बाँडिंग हवंच.

डेडमॅन आणि फिल्टरवरचा पहारा

डेडमॅन म्हणजे दाबून धरला तरच इंधन वाहील असा स्विच. साध्या स्विचची खोड सगळ्यांना माहीत आहे: कोणीतरी तो टेपने बांधतो किंवा पाचर मारतो. यावर चांगला उपाय आलाय. ठरावीक वेळाने स्विच सोडून पुन्हा दाबला नाही तर प्रवाह थांबतो. बांधलेला स्विच दोन-तीन मिनिटांत उघडा पडतो. वायरलेस डेडमॅनही मिळतो आणि माणसाला मोकळं फिरता येतं. ते आकर्षक आहे, पण त्याच मोकळेपणामुळे माणूस पिट आणि नोझल दोन्ही दिसणाऱ्या जागेवरून सरकतो. वायर असलेला, वेळेचा बंध असलेला डेडमॅन पुरेसा आहे.

फिल्टरच्या दोन्ही बाजूंच्या दाबांतला फरक, ज्याला सगळे डीपी म्हणतात, तो या यंत्रणेचा डॉक्टर आहे. गेजवर ०.६ बार दिसला म्हणून निश्चिंत होणारे बरेच असतात. तो आकडा पूर्ण प्रवाहावरचा आहे की अर्ध्या? अर्ध्या प्रवाहावर ०.६ बार असेल तर पूर्ण प्रवाहावर तो बदलण्याची मर्यादा ओलांडून गेलेला असू शकतो. कोअ‍ॅलेसर (पाण्याचे बारीक थेंब एकत्र करणाऱ्या) घटकांसाठी ती मर्यादा साधारण १ बार आहे. हाताने काम करताना आलेख उघडून दुरुस्त आकडा काढावा लागतो आणि विमान उभं असताना तो कोणी काढत नाही. इलेक्ट्रॉनिक पहारा हा हिशेब दर क्षणाला करतो. इथे पैसे वसूल.

पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे डीपी अचानक खाली येणं. आकडा घटला की लोकांना बरं वाटतं. प्रत्यक्षात आतला घटक फाटला किंवा सील सरकलं की इंधनाला मोकळी वाट मिळते आणि डीपी पडतो. यंत्रणेने डीपी वाढल्यावर तर प्रवाह थांबवावाच, पण पडल्यावरही थांबवावा. विकत घेताना दोन्ही दिशांची मर्यादा लावून, प्रत्यक्ष थांबते का ते पाहूनच सही करा. केवळ इशारा देऊन प्रवाह चालू ठेवणाऱ्या यंत्रणा बाजारात आहेत.

याचं गांभीर्य १३ एप्रिल २०१० ला जगाने पाहिलं. सुराबायाहून हाँगकाँगला निघालेल्या कॅथे पॅसिफिकच्या एअरबस ए३३० ची दोन्ही इंजिनं नियंत्रणाला दाद देईनाशी झाली आणि विमान सुमारे २३० नॉट वेगाने उतरवावं लागलं. तपासात निघालं की सुराबायाच्या विमानतळावर हायड्रंट लाइनच्या विस्ताराचं काम झालं होतं, पुन्हा सुरू करतानाची सफाई नीट झाली नव्हती आणि लाइनमध्ये खारं पाणी शिरलं होतं. डिस्पेन्सरवरच्या फिल्टर मॉनिटरमधलं पाणी शोषणारं पॉलिमर त्या पाण्याने बाहेर पडलं आणि त्याचे बारीक गोळे इंजिनाच्या इंधन मापन भागात जाऊन अडकले. त्या पॉलिमरवर चालणारे मॉनिटर पुढे टप्प्याटप्प्याने हद्दपार झाले आणि त्यांचं ईआय (एनर्जी इन्स्टिट्यूट) १५८३ हे मानक २०२० च्या शेवटी मागे घेण्यात आलं. आज नवा डिस्पेन्सर घेताना त्यात पुढचं तंत्र हवं: फिल्टर वॉटर सेपरेटर, पाणी अडवणारा बॅरिअर फिल्टर, किंवा घाण अडवणाऱ्या फिल्टरबरोबर इलेक्ट्रॉनिक पाणी-सेन्सर. सेन्सरचा मार्ग हलका आणि कमी जागेचा आहे, पण त्यात पाणी अडत नाही, फक्त कळतं. कळल्यावर प्रवाह किती लवकर थांबतो, हे त्याचं खरं मोजमाप. शिवाय सेन्सर रोज स्वतःची तपासणी करतो का, तेही पाहा.

विस्ताराचं काम निघालं की ऑटोमेशनचा पुरवठादार सहसा म्हणतो, 'नवीन विभाग आम्ही सिस्टीममध्ये जोडून देतो.' स्क्रीनवर जोडणं पाच मिनिटांचं काम आहे. खरं काम म्हणजे पाण्याने दाब चाचणी झाल्यावर ते सगळं पाणी काढणं, पिग (पाइप आतून पुसत जाणारा ठोकळा) चालवणं, सेकंदाला ३ मीटरच्या आसपास वेगाने फ्लशिंग, इंधन भरून ठरलेला काळ मुरवणं, आणि प्रयोगशाळेचा अहवाल. तोवर नवा विभाग भौतिकरीत्या वेगळा ठेवायचा, सॉफ्टवेअरमधल्या टिकमार्कवर नाही. नेहमीच्या वापरातही लाइनच्या सखल जागांवरून पाणी-गाळ काढावाच लागतो. सुरुवातीला दर आठवड्याला, नोंदी स्वच्छ राहिल्या तर अंतर वाढवून. ज्या स्टँडवर विमानं क्वचित लागतात त्या शाखांकडे जास्त लक्ष द्या. साचलेल्या इंधनात पाणी तळाला बसतं आणि त्यात सूक्ष्मजीव वाढतात. कोणत्या पिटवरून किती दिवसांत इंधन निघालं नाही, ही यादी यंत्रणेला सहज देता येते. बहुतेकांमध्ये ती मागितल्याशिवाय चालू केलेली नसते.

पावती

इलेक्ट्रॉनिक पावतीबद्दल थोडक्यात. मीटर लिटरमध्ये मोजतं, वैमानिक किलोमध्ये मागतो. १२,००० किलो हवे असतील आणि घनता ०.८०० धरली तर १५,००० लिटर होतात. खरी घनता ०.७८५ असेल तर १५,२८७. जेट ए-१ ची घनता १५ अंशांना ०.७७५ ते ०.८४० या पट्ट्यात कुठेही असू शकते. यंत्रणा घनता टाकीच्या सकाळच्या नोंदीतून घेते की डिस्पेन्सरवर प्रत्यक्ष मोजते, हे विचारा. सकाळची नोंद घेऊन दिवसभर तीच वापरणाऱ्या यंत्रणेत, दुपारी दुसरी टाकी जोडली की सगळ्या पावत्या चुकतात आणि कोणालाही कळत नाही.

कोणी घ्यावी, कोणी नाही

रुंद विमानं, ठरलेले स्टँड, दिवसरात्र वर्दळ असेल तर हायड्रंटला पर्याय नाही. एका लांब पल्ल्याच्या विमानाला १,००,००० लिटर द्यायचे तर हायड्रंटवर सलग पस्तीसएक मिनिटं. चाळीस हजार लिटरच्या बाउझरने (इंधनाच्या टँकरने) तेच तीन फेऱ्यांत, प्रत्येक वेळी जोडणी-सुटणी आणि अ‍ॅप्रनवर इंधनाने भरलेली जड गाडी. याउलट एकाच जोडणीच्या अरुंद विमानाला सात-आठ हजार लिटर द्यायचे असतील तर वेळ जवळपास सारखाच लागतो, कारण मर्यादा विमानाच्या एका जोडणीची असते. अशी छोटी विमानं आणि बदलते स्टँड असलेल्या विमानतळाने बाउझर चांगले ठेवावेत. काँक्रीटखाली एकदा गेलेला पिट हलवता येत नाही.

स्वीकृतीची चाचणी स्क्रीनवर घेऊ नका. कमीत कमी या गोष्टी प्रत्यक्ष पाहा: सर्वात लांबच्या पिटवर पूर्ण प्रवाह असताना डेडमॅन सोडून नोझलवरचा दाब नोंदवणारं उपकरण ८.३ बारच्या खाली राहतं का, आणि स्विच सोडल्यावर किती लिटर पुढे जातात. लॅनयार्ड ओढून पिट व्हॉल्व्ह दोन ते पाच सेकंदांत मिटतो का. गळतीच्या चाचणीसाठी एका पिटवर सुईच्या व्हॉल्व्हने मोजून गळती करायची, पुरवठादाराला आकडा न सांगता, आणि त्याची यंत्रणा काय आकडा देते ते पाहायचं. पंपहाउसचा मुख्य कंट्रोलर बंद करून दुसरा भार उचलतो का, आणि त्या क्षणी भरणं चालू असलेल्या विमानाचं काय होतं.

शेवटची गोष्ट मूळ ऑर्डरमध्येच घालावी लागते, नंतर जमत नाही. प्रत्येक पिट व्हॉल्व्हखाली वेगळा आयसोलेशन व्हॉल्व्ह. किंमत वाढते म्हणून तो सर्रास गाळतात. तो नसेल तर एका पिटचं झिरपणारं सील बदलायला अख्खा विभाग दाबमुक्त करून रिकामा करावा लागतो, तेवढे स्टँड बंद पडतात, आणि मग झिरपणारं सील तसंच राहू दिलं जातं.